सात बटणं

जून महिन्यात आमच्या कचेरीनं
पांढऱ्या सुती चड्ड्यांचा एक खोका मागवला.
शेतकऱ्यांनी एकेक न्यावी, वीतभर खोल पुरावी,
साठ दिवसांनी उकरून आणावी.
जितकी कमी उरेल, तितकी माती जिवंत.
लूप नदीकाठच्या या गावात
इतकं हसू पूर्वी कधी पिकलं नव्हतं म्हणे.

एल्विन एकडाल तेवढा हसला नाही.
चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस,
खोक्याकडे बघूनच कान लाल झाले त्याचे.
"शर्ट चालेल का?" म्हणाला. "सुतीच आहे.
बाबांचा आहे."

माझं काम नोंदींचं. ओल, तापमान, खोली, तारीख.
शर्ट चालेल म्हटलं, पण खड्डे दोन लागतील,
तुलना करायची तर.
त्यानं खिशातला चाकू काढला
आणि पाठीतून उभा चिरला.
एका भागाला सात बटणं, दुसऱ्याला सात काजं.

बटणांचा भाग गेला
जिथं अकरा वर्षं नांगर लागलेला नाही.
राय आडवी पाडून तिच्या अंगावरच सोयाबीन पेरलेलं,
वाळल्या काडांखाली गांडुळांची बिळं, बुरशीचे पांढरे धागे,
बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत सहज जातं.
शेजारी त्याला गबाळं शेत म्हणतात.

काजांचा भाग रस्त्याकडेच्या पट्ट्यात.
दीड एकर. तेवढंच तो अजून नांगरतो,
बाप नांगरायचा तसं, दोरी धरल्यासारखं.
सरळ तासांसाठी एमिल एकडालनं
काउंटीच्या जत्रेत तीन फिती जिंकल्या होत्या.

एमिल पोरवयाचा असताना धुळीची वर्षं आली.
आई खिडक्यांना ओल्या चादरी लावायची,
तरी पावावर, दुधात, दातांत.
एल्विन सांगत होता, मी मनात मराठी करत होते:
त्यांनी माती खाल्ली.
आमच्याकडे याचा अर्थ निराळा होतो.
ते मी त्याला सांगितलं नाही.
आमच्याकडे मातीमोल, मातीत गेलं, सगळ्याची माती झाली,
म्हणजे पुढे काही बोलायचं उरत नाही.
आणि इथं भिंगाखाली चिमूटभर ढेकळात
एवढी वर्दळ,
की मोजता मोजता माझा आकडा चुकतो
आणि पुन्हा एकपासून सुरू करावं लागतं.

ऑगस्टमध्ये उकरलं.
पट्ट्यातला भाग जवळजवळ होता तसाच.
झटकला तर खांद्याचा उतार दिसला,
कॉलरवरचा घामाचा डागसुद्धा गेला नव्हता.
वहीत लिहिलं: घट चार टक्के.

दुसऱ्या खड्ड्यात शर्टच नव्हता.
शिवणीचा पॉलिस्टर दोरा, केसासारखा गुंतलेला,
आणि बटणं. आम्ही चाळणीनं चाळली माती.
सहा.
त्यानं पुन्हा चाळली. मग पुन्हा.
मी म्हटलं, जिवाणू बटणं खात नाहीत,
असेल इथंच कुठं.
"असू दे," तो म्हणाला.

मग काजांच्या भागाची घडी घालून
तो बराच वेळ उभा राहिला.
रस्त्यावरून धान्याचा एक ट्रक गेला,
त्यानं हात केला, यानं केला नाही.
"बाबांचीच जमीन," म्हणाला,
"आणि तिनं घेतलं नाही."

नियमात बसत नव्हतं, तरी मी लिहून घेतलं:
नवा खड्डा, वीतभर,
गबाळ्या शेतात,
सातव्या बटणाच्या आसपास.

ऑक्टोबरात गेले तेव्हा
पट्ट्यावर राय उगवली होती, बोटभर, पोपटी.
ओळी जरा वाकड्या.
पेरणीचं यंत्र जुनं झालंय, एल्विन म्हणाला.
यंत्र यंदाच घेतलेलं.
मी ओल मोजली आणि तारीख घातली.